साठ जणांसाठी सुक्या टोमॅटोचे डिप: गच्चीच्या अर्जापासून ताटापर्यंत

1 मे 2025 रोजी आमच्या सोसायटीत महाराष्ट्र दिनाचा स्नेहमेळावा झाला. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा अशी प्रथा आहे, आणि माझ्याकडे ‘काहीतरी बुडवून खाण्याजोगे, भजी-वडे सोडून’ असे अगदी मोघम काम आले. मी उन्हात वाळवलेल्या टोमॅटोचे डिप करायचे ठरवले. हे डिप कालवायला अर्धा तासही लागत नाही, हे खरे आहे. परंतु साठ माणसांना पुरेल एवढे टोमॅटो वाळवणे, त्यासाठी पुण्यासारख्या शहरात कुलूपबंद गच्ची मिळवणे आणि एप्रिलमधल्या लहरी आभाळाशी जमवून घेणे हे काम मार्चच्या मध्यापासून चालू होते. पाककृती पुष्कळ सापडतात, पण बहुतेकींची सुरुवात ‘तेलातल्या सुक्या टोमॅटोची एक बाटली घ्या’ अशी होते. ज्यांना बाटलीच्या आधीची वाट हवी आहे, त्यांच्यासाठी सगळे घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

बाटली न घेण्याचे कारण सरळ हिशेबाचे होते. दुकानात मी पाहिलेल्या बाटल्या पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास होत्या आणि त्यांची किंमत साडेतीनशे ते पाचशे रुपये होती. त्या वजनात तेलाचा वाटा मोठा असतो. माझ्या अंदाजाने मला साडेतीनशे ग्रॅम कोरडे टोमॅटो लागणार होते, म्हणजे बाटल्यांवरच दोन हजारांच्या आसपास खर्च झाला असता. आमची सांस्कृतिक समिती एका पदार्थाला जास्तीत जास्त एक हजार रुपये देते, तेही पावती असेल तरच. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये निम्मे पुणे कुरडया, पापड, सांडगे वाळवत असताना वाळलेला टोमॅटो विकत आणणे मनाला पटेना.

सुरुवात एक किलोने केली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीत, जेमतेम पाच तास येणाऱ्या उन्हात, एक किलो टोमॅटो वाळवून वजन केले, तेव्हा हाती ऐंशी ग्रॅमच्या आत-बाहेर माल आला. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंच्याण्णव टक्के पाणीच असते, त्यामुळे हा आकडा पाहून निराश होऊ नये. मात्र तो आधी माहीत असणे फार उपयोगाचे आहे, कारण किती टोमॅटो आणायचे, किती जागा लागेल आणि किती दिवस राखण करावी लागेल, हे सगळे त्यावर ठरते. मी थोडा राखीव माल धरून दहा किलोंचा बेत केला. बाल्कनीत एवढे मावणे शक्यच नव्हते.

गच्चीसाठी 15 मार्चला सचिवांच्या नावे लेखी अर्ज दिला. आमच्याकडे गच्चीला कुलूप असते आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीत राहते; पाण्याच्या टाक्या आणि सौर बंबांच्या पट्ट्या वर असल्यामुळे समिती याबाबत कडक आहे. पहिल्या अर्जात मी ‘एप्रिल महिन्यात वाळवणासाठी’ एवढेच लिहिले होते. तो ‘नेमक्या तारखा, वेळ, जागा आणि वापरावयाचे साहित्य नमूद करावे’ अशा शेऱ्यासह परत आला, म्हणून दुसऱ्या दिवशी सविस्तर अर्ज दिला: 10 ते 20 एप्रिल, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा, जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेकडील भाग, बांबूचे चार तट्टे आणि दोन फोल्डिंगच्या खाटा. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर पोच घेतली. हा अर्ज 23 मार्चच्या मासिक सभेत गेला आणि 27 तारखेला परवानगीचे पत्र हातात पडले. अटी अशा होत्या की सौर पट्ट्यांवर सावली पडू नये, टाक्यांपासून दहा फूट अंतर राखावे, किल्लीच्या वहीत दररोज वेळ घालून सही करावी, रात्री काहीही वर ठेवू नये, आणि परत मिळणारी पाचशे रुपयांची अनामत धनादेशाने भरावी. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी सभेची तारीख आधी विचारून घ्यावी, कारण सभा हुकली तर थेट पुढच्या महिन्यावर जाते आणि तोवर ऊन जाऊन वळवाचे ढग येतात.

याच काळात पदार्थांच्या यादीचेही काम झाले. समितीने प्रत्येकाला एक कागद दिला होता, ज्यात पदार्थाचे नाव, त्यातील सर्व जिन्नस, आणि लसूण-कांदा, दूध, शेंगदाणे, सुकामेवा यांपैकी काय आहे ते लिहायचे होते. इमारतीत जैन कुटुंबे आहेत आणि एका मुलाला अक्रोड-काजू चालत नाहीत. परदेशी पद्धतीच्या बऱ्याच कृतींत अक्रोड किंवा चिलगोजे आणि वर किसलेले पार्मेजान चीज असते. अक्रोड त्या मुलासाठी बाद झाले, आणि खरे पार्मेजान वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजलेले असल्यामुळे शाकाहारी पंगतीत ते चालणार नव्हते. क्रीम चीजचा विचार मी किमतीमुळे सोडला. शेवटी आधार चक्क्याचा घेतला, आणि एक वाटा लसणाशिवाय वेगळा काढायचे ठरवून तसे कागदावर लिहून दिले. आधीच लिहून दिल्यामुळे ऐनवेळी टेबलाशी उभे राहून कोणाला काही समजावत बसावे लागले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात पाऊस आणि ढग होते, त्यामुळे थांबावे लागले. या थांबण्यात मी तट्टे आणले. बुरूड आळीत साधारण चार फूट लांबीचे तट्टे प्रत्येकी दीडशे रुपयांना मिळाले. धातूची परात किंवा पत्रा टाळण्याचे कारण असे की टोमॅटो आंबट असतो, त्यात मीठही लावायचे असते, आणि ॲल्युमिनियमला किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला ते आम्ल खाते. प्लास्टिकच्या कागदावर खालची बाजू ओलीच राहते. कापडावर पापड निघतो, टोमॅटो मात्र चिकटून बसतो. तट्ट्याच्या फटींतून खालूनही वारा लागतो. दक्षिण इटलीत, सिसिली-कालाब्रिया-पुलिया या पट्ट्यात, ऑगस्टच्या उन्हात अर्धे कापलेले मीठ लावलेले टोमॅटो लाकडी चौकटींवर किंवा बोरूच्या तट्ट्यांवरच पसरतात. तिथला कोरडा उन्हाळा आणि आपल्या देशावरचा एप्रिल या कामापुरते सारखेच आहेत. आपल्याकडे दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा वीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि वाळवणाचे निम्मे काम उन्हाइतकेच त्या कोरड्या वाऱ्याने होते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत मात्र हा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे ऊन असले तरी हवा दमट असते, आणि टोमॅटो सुकण्याआधी त्याला बुरशी धरते. तिकडच्यांनी सरळ ओव्हन किंवा विजेवरचे वाळवणयंत्र वापरावे.

11 एप्रिलला सकाळी मार्केट यार्डातून दहा किलो टोमॅटो आणले. भाव किलोला वीस रुपये पडला, रिक्षाचे जाऊन-येऊन एकशे चाळीस झाले. टोमॅटो निवडताना गोल, मऊ, भरपूर रसाचा गावठी टोमॅटो घेऊ नये. सार आणि चटणीला तो उत्तम, पण वाळवायला घेतला तर साल आणि बियाच उरतात. लांबट, अंड्याच्या आकाराचा, जाड गराचा आणि पूर्ण लाल पिकलेला संकरित टोमॅटो घ्यावा. विक्रेत्याला मी ‘दोन दिवसांत वापरायचे आहेत, हिरवट नकोत’ असे सांगितले, तेव्हा त्याने वरचे कॅरेट बाजूला करून खालचे उघडले. भाजीवाला छापील पावती देत नाही, म्हणून साध्या कागदावर वजन, भाव आणि तारीख लिहून त्याची सही घेतली. समितीच्या खजिनदारांनी असे हाताने लिहिलेले व्हाउचर चालेल असे आधीच कबूल केले होते.

12 एप्रिलला शनिवार होता. सकाळी सहाला टोमॅटो धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून कापायला बसले. देठाची जागा काढून उभे दोन भाग करायचे, आणि अंगठ्याने बियांचे कप्पे रिकामे करायचे. बिया आणि रस फेकून देऊ नये. गाळून त्याचे त्याच दिवशी सार होते. सगळे कापून होईपर्यंत साडेआठ वाजले. कापलेली बाजू वर ठेवून फोडी एकमेकींना न चिकटता मांडल्या आणि किलोला एक सपाट चमचा या हिशेबाने बारीक कुटलेले मीठ वरून भुरभुरवले. ओरेगॅनो, मिरपूड वगैरे काहीही या टप्प्यावर लावले नाही, कारण तीन-चार दिवसांच्या उन्हात त्यांचा वास उडून जातो आणि नुसता कचरा मागे राहतो.

वर नेल्यावर साधारण तासाभराने जे दिसते ते नवख्या माणसाला घाबरवणारे असते. मिठाने पाणी सुटते आणि प्रत्येक फोडीच्या खळगीत लहानसे तळे साचते. फोड वाळण्याऐवजी भिजते आहे असेच वाटते. हे पाणी तसेच राहू दिले तर तळाचा गर शिजल्यासारखा होतो आणि आंबूस वास येऊ लागतो. म्हणून पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन-तीनदा वर जाऊन फोडी एकेक तिरक्या करून पाणी सांडून द्यावे. काम कंटाळवाणे आहे, ऊन डोक्यावर असते, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. संध्याकाळपर्यंत कडा आत वळू लागतात आणि फोडीची चकाकी जाते.

कबुतरे आणि माश्या यांच्यासाठी जुनी मच्छरदाणी खाटेच्या चारही कोपऱ्यांना काठ्या बांधून उंच ताणली होती. ती फोडींना टेकू देऊ नये, टेकलेल्या जागी माशी बरोबर बसते. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे साबुदाण्याचे पापड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होते. मी साडेसहाची वेळ धरून बसले होते, तर त्या पाचलाच म्हणाल्या, “ऊन उतरायच्या आत उचल गं, पाट्या गरम असतानाच घरात ने. गार झाल्या की दव धरतं, आणि दुसऱ्या दिवशीचे दोन तास नुसतं ते काढण्यातच जातात.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. त्या दिवसापासून मी पाचलाच तट्टे खाली आणू लागले आणि रात्री पंख्याखाली ठेवू लागले. पहारेकऱ्यांनी वहीत वेळ पाहून, “ताई, तुमच्याकडे दीड तास उरतोय अजून,” अशी आठवणही करून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोडी उलट्या केल्या आणि सालीच्या बाजूने तळहाताने हलकेच दाबल्या, म्हणजे त्या सपाट होतात आणि मधला जाड भाग उघडा पडतो. सोमवारी, 14 एप्रिलला, सुट्टी असल्याने दिवसभर लक्ष देता आले. लहान फोडी त्या संध्याकाळी झाल्या, त्या निवडून वेगळ्या काढल्या. सगळ्या एकदम वाळतील अशी अपेक्षा धरू नये. पातळ फोडी मोठ्यांसाठी थांबवून ठेवल्या तर त्या कडक आणि कडवट होतात.

15 तारखेला दुपारी दोननंतर आभाळ भरून आले. पाऊस पडला नाही, परंतु हवा एकदम जड झाली आणि निम्म्या-अधिक वाळलेल्या फोडी हाताला पुन्हा चिकट लागू लागल्या. अशा वेळी ‘उद्या ऊन येईलच’ म्हणून थांबणे धोक्याचे असते, कारण अर्धवट वाळलेला टोमॅटो एका रात्रीत बिघडू शकतो. मी उरलेला सगळा माल घरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनमध्ये, घातला. आमच्या ओटीजीचे तापमान शंभर अंशांच्या खाली लावता येत नाही, म्हणून दारात लाकडी डाव अडकवून ते किंचित उघडे ठेवले. त्याने उष्णता कमी होते आणि वाफ बाहेर पडते. खालच्या कप्प्यात जाळीवर फोडी ठेवून, दर अर्ध्या तासाने जाळी फिरवून, साधारण अडीच तासांत काम झाले. चवीत उन्हाच्या आणि ओव्हनच्या फोडींत फरक आहे का, तर आहे. ओव्हनच्या फोडी किंचित जास्त गोड आणि भाजक्या लागतात. डिपमध्ये तो फरक ओळखू येत नाही.

वाळला आहे हे कसे ओळखायचे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त जणांनी विचारला. फोड आंबापोळीसारखी वाकली पाहिजे, तुटता कामा नये; आणि सर्वांत जाड जागी नखाने दाबून पाहिल्यावर ओल दिसता कामा नये. गरम असताना सगळेच मऊ वाटते, म्हणून गार झाल्यावर तपासावे. रंग विटकरीकडे झुकणारा गडद लाल येतो. दुकानातल्यासारखा तेजस्वी लाल घरी येत नाही, कारण कारखान्यात रंग टिकवण्यासाठी बऱ्याचदा सल्फर डायऑक्साइड वापरतात, पाकिटावर आय.एन.एस. 220 असे लिहिलेले असते ते तेच. दहा किलोंचे अखेर पावणेआठशे ग्रॅम भरले.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि त्याचीच फळे पुढे भोगतात. सगळ्या फोडी सारख्या वाळलेल्या नसतात, म्हणून त्या काचेच्या कोरड्या बरणीत दोन-तृतीयांशच भरून आठ-दहा दिवस ठेवाव्यात आणि रोज एकदा बरणी हलवावी, म्हणजे ओलसर फोडींची ओल कोरड्या फोडी ओढून घेतात. बरणीच्या आतल्या बाजूला बाष्प दिसले, तर माल परत उन्हात न्यावा. माझ्या एका बरणीत दुसऱ्याच सकाळी झाकणाखाली पुसटशी वाफ दिसली. त्या फोडी पुन्हा ओटीजीत तासभर ठेवल्या. उघड्यावर वाळवलेल्या कोणत्याही पदार्थात किड्यांची अंडी असू शकतात, म्हणून 27 एप्रिलपासून बरण्या दोन दिवस फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांवर, ठेवल्या. तेलात मात्र त्या घातल्या नाहीत. तेलात टोमॅटो आणि त्यात कच्च्या लसणाच्या पाकळ्या अशी ओट्यावर ठेवलेली बाटली दिसायला सुंदर असते, पण लसूण आम्लधर्मी नाही आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढायला नेमके हेच लागते, आणि त्यांचे विष चव-वासावरून कळत नाही. कोरडे टोमॅटो कोरडेच ठेवावेत आणि तेल-लसूण त्या दिवशीच घालावे, असे मी पक्के ठरवले आहे.

चक्क्याची गंमत वेगळीच झाली. 30 एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी घरोघरी श्रीखंड-आम्रखंड असते आणि डेअरीतला चक्का आदल्या दिवशीच संपतो. मी 20 तारखेला दीड किलोची मागणी नोंदवली, शंभर रुपये आगाऊ भरले आणि चिठ्ठी घेतली. तरीही 30 तारखेला सकाळी रांगेत पाऊण तास उभे राहावे लागले. भाव किलोला दोनशे साठ रुपये. सणाच्या गर्दीतला चक्का बहुधा घाईने टांगलेला असतो, म्हणून तो घरी आणून पातळ पंचात बांधून चाळणीत ठेवला, वर जड भांडे ठेवले आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू दिला. सकाळी खालच्या पातेल्यात जवळजवळ वाटीभर पाणी जमले होते. ते पाणी आत राहिले असते, तर संध्याकाळी ताटात डिपच्या कडेने ओघळ दिसले असते.

1 मे रोजी सकाळी दहाला प्रत्यक्ष डिप करायला घेतले. साडेतीनशे ग्रॅम सुके टोमॅटो, त्यांच्या वर चार बोटे येईल एवढ्या कडकडीत पाण्यात, झाकून अर्धा तास ठेवले. भिजल्यावर मुठीत घट्ट पिळून काढले आणि स्वच्छ पंचावर पसरून टिपून घेतले. ते पिळलेले पाणी खारट, आंबट आणि फार चविष्ट असते. आमटीत किंवा सारात घालावे, डिपमध्ये थेंबभरही घालू नये. दीडशे मिलिलिटर ऑलिव्ह तेल अगदी मंद आचेवर गरम करून त्यात वीसेक लसूण पाकळ्या अख्ख्याच सोनेरी होईपर्यंत ठेवल्या. कच्चा लसूण दोन तासांत चक्क्यात उग्र होतो आणि बाकी सगळी चव झाकून टाकतो. लसूण घालण्याआधी तेलाचा पाचवा भाग जैन वाट्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. टोमॅटोचाही तेवढाच भाग वेगळा वाटला, आणि तोही आधी, म्हणजे मिक्सरचे भांडे लसणाचे होत नाही.

टोमॅटो वाटताना मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. अगदी गुळगुळीत वाटले तर ते सॉससारखे लागते. जिभेला बारीक तुकडा लागला पाहिजे. चक्का मात्र मिक्सरमध्ये कधीही घालू नये, तो दोन फेऱ्यांत पातळ होतो आणि पुन्हा घट्ट होत नाही. श्रीखंडाला करतो त्याप्रमाणे तो पुरणयंत्रातून काढला आणि मग वाटलेला टोमॅटो, तेल, लसूण, ताजी भरडलेली मिरी, थोडे तिखटाचे जाडे कूट आणि शेवटी हाताने तोडलेली बेसिलची पाने डावाने हलकेच कालवली. बेसिल नसेल तर ते सोडून द्यावे; त्याऐवजी घरची तुळस घालून पाहण्याचा सल्ला मी देणार नाही, तिचा तिखट लवंगी वास टोमॅटोशी भांडतो. मिठाबद्दल इतकेच सांगते की कालवून पंधरा मिनिटे थांबून चाखल्याशिवाय चिमूटही घालू नये. वाळताना पाणी जाते आणि मीठ मागे राहते. मला अजिबात घालावे लागले नाही, उलट चक्का आंबटसर असल्यामुळे दोन चमचे पिठीसाखर घालावी लागली. मग डबा बंद करून तो संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला. या सहा-सात तासांत टोमॅटोची चव चक्क्यात उतरते; लगेच खाल्ले तर दोन्ही वेगवेगळे लागतात.

मेळावा सहाला पटांगणात होता आणि तेव्हाही हवा चांगलीच तापलेली होती. दुग्धजन्य पदार्थ इतक्या उष्म्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये, म्हणून एकच मोठे पातेले न मांडता लहान वाडगे ठेवले. ते बर्फाच्या परातीत बसवले आणि संपला की दुसरा वाडगा शीतपेटीतून काढला. जैन वाडग्यावर चिठ्ठी आणि त्याचा चमचा वेगळा. सोबतीला खाकरा, गाजर-काकडीच्या कांड्या, बेकरीतले साधे टोस्ट आणि ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे होते. मला वाटले होते की टोस्ट आधी संपतील, पण भाकरीचे तुकडे सर्वांत आधी गेले आणि नंतर लोक थालिपीठाच्या टेबलावरून थालिपीठ आणून डिपला लावू लागले. एका आजोबांनी दोनदा घेतल्यावर “चटणी चांगली झालीय, पण जरा गूळ हवा होता,” असा अभिप्राय दिला, आणि त्यात तथ्य आहे असे मला वाटते.

खर्चाचा हिशेब असा झाला: टोमॅटो दोनशे, चक्का तीनशे नव्वद, ऑलिव्ह तेलाची अर्ध्या लिटरची बाटली पाचशे साठ, लसूण चाळीस, बेसिल पन्नास, बर्फ साठ, एकूण तेराशे रुपये. तेल निम्म्याहून अधिक उरले आणि सुके टोमॅटोही चारशे ग्रॅमच्या वर शिल्लक राहिले. समितीने ठरल्याप्रमाणे एक हजार दिले, तेही व्हाउचरवर ‘दहा किलो’ हे अक्षरांत लिहिलेले नाही म्हणून एकदा परत पाठवून. तट्टे आणि रिक्षा माझ्याकडे. गच्चीची अनामत किल्लीची वही तपासून 10 मे रोजी परत मिळाली.

उरलेले सुके टोमॅटो फ्रीझरमध्ये हवाबंद पिशवीत आहेत. तिथे ते वर्षभर सहज टिकतात, फ्रिजमध्ये काही महिने. कालवलेले डिप मात्र फ्रिजमध्येही तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. घरगुती दहा जणांच्या बैठकीसाठी कोणाला करायचे असेल, तर साठ ग्रॅम सुके टोमॅटो, पाव किलो नीट निथळलेला चक्का, दोन मोठे चमचे तेल आणि तीन-चार लसूण पाकळ्या पुरतात. त्यासाठी पाऊण-एक किलो ताजा टोमॅटो बाल्कनीतल्या उन्हातही वाळतो, अर्ज न करता.